सहावं उद्दिष्ट आणि आठ दिवसांची पाळी: लातूरच्या पाण्याचं प्रकरण

संयुक्त राष्ट्रांची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातलं सहावं पाण्याचं. त्याचं पहिलं लक्ष्य, ६.१, सांगतं की २०३० पर्यंत प्रत्येकाला सुरक्षित आणि परवडणारं पिण्याचं पाणी समन्यायानं मिळालं पाहिजे. २०१६ च्याच मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्थानकात आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. काही दिवसांनी ५० वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका फेरीला २५ लाख लिटर येऊ लागलं.

२५ लाख लिटर ऐकायला पुष्कळ वाटतं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३,८२,९४० होती. भागाकार केला तर माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी घागर. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी नियोजनाचं मान माणशी १३५ लिटर धरतात. त्या मानानं लातूरला रोज ५.१७ कोटी लिटर, तांत्रिक भाषेत ५१.७ एमएलडी लागतात. रेल्वेनं शहर तगलं, पण ते बादल्या मोजून.

लातूरचं प्रकरण रेल्वेमुळे देशभर गाजलं. उद्दिष्ट शहराच्या पातळीवर उतरवायचं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मात्र त्याचा कमी गाजलेला भाग जास्त उपयोगी आहे. धरण भरल्यानंतरही नळ रोज का येत नाहीत, हा तो भाग.

धरणात किती, शहराला किती

लातूरचं पाणी येतं मांजरा धरणातून. हे धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यात धनेगावला आहे. एकूण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यात जिवंत, म्हणजे सहज सोडता येणारा साठा सुमारे १७७ आणि मृतसाठा, म्हणजे तळाशी उरणारा, सुमारे ४७. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे १०० कोटी लिटर. लातूरची वर्षाची गरज १३५ लिटरच्या मानानं सुमारे १९ दशलक्ष घनमीटर होते, म्हणजे भरलेल्या जिवंत साठ्याच्या ११ टक्क्यांच्या आत. गळती, वाढलेली वस्ती आणि त्याच धरणावरची अंबाजोगाई, केज, कळंब ही गावं धरली तरी भरलेलं धरण पिण्याला एका वर्षात संपत नाही.

मग २०१६ ला ते कोरडं कसं पडलं? २०१४ आणि २०१५ चे पावसाळे लागोपाठ गेले, हे निम्मं उत्तर. उरलेलं निम्मं उसाच्या हिशेबात आहे. एक हेक्टर उसाला पाटानं ढोबळमानानं दोन कोटी लिटर पाणी लागतं. लातूर शहराचं वर्षभराचं पाणी म्हणजे साधारण ९५० हेक्टर ऊस. हा आकडा एकदा फळ्यावर लिहिला की पाणी आरक्षणाच्या बैठकीचा सूर बदलतो. उसाला दोष देण्यासाठी तो लिहायचा नाही. शेतकऱ्यानं ऊस लावला कारण मराठवाड्यात बाजाराची खात्री असलेली पिकं मोजकीच. पण किती हेक्टरांच्या बदल्यात शहराचं किती दिवसांचं पाणी जातं, हे दोन्ही बाजूंना एकाच मापात दिसलं पाहिजे.

२०१६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात लोकवर्गणीतून साई-नागझरी पट्ट्यात नदीपात्राचं रुंदीकरण-खोलीकरण झालं होतं, त्या डोहांतही पाणी साचलं. उजनीहून पाणी आणण्याची मागणी आधीपासून होती, ती चालूच राहिली. स्रोताची चर्चा आपल्याकडे खूप होते. त्यापुढच्या नळाची फार होत नाही.

जोडणी आहे, पाणी आठवड्यानं

शहरं उद्दिष्टांचा अहवाल करतात तेव्हा ६.१ समोर बहुधा नळजोडणी असलेल्या घरांची टक्केवारी लिहितात, कारण तो आकडा करविभागाकडे तयार असतो. जागतिक निर्देशक ६.१.१ मात्र ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ पाणी मोजतो आणि त्याला तीन अटी आहेत: पाणी घराच्या आवारात यावं, गरजेच्या वेळी मिळावं आणि विष्ठेच्या व घातक रसायनांच्या दूषणापासून मुक्त असावं. पुरवठ्याच्या नोंदींवरून दुसरी अट तपासताना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमात दिवसाला किमान १२ तास किंवा आठवड्यात किमान ४ दिवस असा उंबरठा धरतात. आठ दिवसांआड दोन तास पाणी सोडणारं शहर १०० टक्के जोडण्या दाखवत असलं, तरी या पट्टीवर शून्यात जमा होतं. मराठवाड्यातली बहुतेक शहरं हा उंबरठा अहवालात लिहीतच नाहीत.

पाळी लांबली की पाण्याचं वाटप पाइप करत नाही, घरातली भांडी करतात. पाच माणसांचं घर धरा. गल्लीतल्या एका घरी २०० लिटरचे दोन बॅरल आणि घागरी-हंडे मिळून १०० लिटर मावतं, एकूण ५००. पाळी आठ दिवसांची. माणशी रोज १२.५ लिटर. त्याच लाइनवरच्या बंगल्याच्या हौदात १०,००० लिटर बसतं, माणशी २५०. पाणीपट्टी मात्र दोघांना सारखी, कारण मीटर नाही आणि आकारणी अर्धा इंची जोडणीवर ठोक. सरासरी काढली तर शहर मानकाच्या आसपास दिसतं. ‘कोणालाही मागे ठेवायचं नाही’ हे उद्दिष्टांचं ब्रीद इथे थेट बॅरलच्या संख्येवर अडतं.

आठ दिवसांची पाळी आणखी एक घोळ करते. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. बॅरल आठव्या दिवशी रिकामं करायचं म्हटलं तर डास तयार होऊन उडालेला असू शकतो. आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळा अशी दवंडी आरोग्य विभाग देतो. पाणी पुढच्या आठवड्यात येणार असेल तर गुरुवारी बॅरल कोण ओतून देईल? मग लोक फडकं बांधतात, ते ढिलं पडतं. म्हणजे तिसऱ्या उद्दिष्टातल्या डेंगीच्या आकड्याची किल्ली पाणीपुरवठा विभागाच्या हातात आहे, आणि अहवालात हे दोन विभाग वेगवेगळ्या पानांवर बसतात.

वॉलमनची वही

उद्दिष्ट स्थानिक करायला सल्लागार नेमण्याआधी एक वही लागते. पाणी सोडणारा वॉलमन ती ठेवतोच. तीत फक्त झोनचं नाव आणि ‘पाणी सोडले’ एवढंच असतं. त्याच वहीत पाच रकाने वाढवायचे: व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, दोन्ही वेळची टाकीची पातळी, शेवटच्या टोकाच्या घरी पाणी पोचलं ती वेळ, आणि तिथला उरलेला क्लोरीन.

पातळी का? कारण बहुतेक जलकुंभांवर चालू प्रवाहमापक नसतो. असला तरी बंद असतो, नाहीतर त्याची काच धूळ खाऊन आंधळी झालेली असते. पातळी मात्र टाकीच्या बाहेरच्या पट्टीवर दिसते. दहा लाख लिटरची टाकी, पाण्याची खोली चार मीटर: एक सेंटिमीटर म्हणजे २,५०० लिटर. भरणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून झोनला पाणी सोडलं आणि पातळी १८० सेंटिमीटरनं उतरली, तर ४.५ लाख लिटर गेलं. झोनमध्ये ६०० घरं असतील तर घरटी ७५० लिटर. आता त्याच पाळीला वीस घरांत जाऊन बादलीनं आणि घड्याळानं नळाची धार मोजायची, पाणी किती वेळ आलं ते लिहायचं. सरासरी ५२० लिटर निघाली तर ६०० घरांचे ३.१२ लाख. उरलेले १.३८ लाख, म्हणजे जवळपास ३१ टक्के, गळतीत, बेकायदा जोडणीत किंवा शेजारच्या झोनमध्ये गेले. (आकडे पद्धत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही एका झोनचे नाहीत.)

ही मोजणी सोपी आहे, म्हणूनच चुकते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद नसणं. मग टाकीतून जास्त पाणी जाऊनही उतार कमी दिसतो आणि गळती कमी भासते. दुसरी, वीसच्या वीस घरं टाकीजवळची निवडणं. किमान आठ घरं शेवटच्या टोकाची आणि पाच चढावरची असावीत. तिसरी, माणसं मोजायला येणार हे कळलं की त्या दिवशी गल्लीतले टिल्लू पंप, म्हणजे नळाला लावून पाणी ओढणारे छोटे पंप, बंद राहतात आणि टोकाला एरवी न दिसणारं पाणी दिसतं. म्हणून मोजणी न सांगता, दोन पाळ्यांना करायची.

जुने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत. लोक त्याला ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ म्हणतात. तपासायला रात्री टाकीचे भरणारे आणि सोडणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून पातळी लिहून ठेवायची, पहाटे परत पाहायची. सहा तासांत आठ सेंटिमीटर उतरली तर २०,००० लिटर कुठेतरी गेले: एक तर टाकीच गळतेय किंवा व्हॉल्व्ह पास होतोय. टाकीखाली ओल नसेल तर व्हॉल्व्ह. सहा मिलिमीटरचं भोकसुद्धा दहा मीटर दाबाखाली तासाला साधारण ८५० लिटर सोडतं, तेव्हा रस्त्यावर ओलावा दिसेपर्यंत वाट पाहणं महागात पडतं. काळ्या मातीत ते पाणी वर येतही नाही, भेगांतून खाली जातं.

गळलेलं पाणी विजेचं बिलही घेऊन जातं. दहा लाख लिटर १०० मीटर उचलायला पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे ४२० युनिट लागतात. पन्नास-पाऊणशे किलोमीटरवरून पाणी आणणाऱ्या शहरात पाणीपुरवठ्याचा मोठा खर्च वीजबिलाचा असतो. हवामानाच्या तेराव्या उद्दिष्टाखाली सौर दिवे लिहिण्याआधी ही ३१ टक्क्यांची वीज लिहिली तर जास्त प्रामाणिक होईल.

क्लोरीन: टाकीत आहे, टोकाला नाही

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, उरलेला मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य असं सांगितलेलं आहे. क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी बहुतेक ठिकाणी टाकीजवळ होते, कारण वॉलमन तिथे असतो. टाकीजवळ पिवळा रंग गडद येतो आणि वहीत ‘ओटी पॉझिटिव्ह’ पडतं.

खंडित पुरवठ्यात धोका टोकाला असतो. व्हॉल्व्ह बंद झाला की लाइन रिकामी होते, उताराकडे पाणी निघून जातं आणि पाइपमध्ये पोकळी तयार होते. नाली आणि नळाची लाइन शेजारी असली, सांधा ढिला असला, की नालीचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला तेच पहिल्या पाच-दहा मिनिटांत घरात येतं. त्यावर टिल्लू पंप लावला तर ओढ आणखी वाढते. म्हणून नमुना दोनदा घ्यायचा: पाणी आल्या आल्या आणि वीस मिनिटांनी. पहिला नेहमी नापास आणि दुसरा पास होत असेल तर गुन्हेगार शुद्धीकरण केंद्र नाही, ती गल्ली आहे. पहिली दहा मिनिटं पाणी सोडून द्या असं सांगणं सोपं; बॅरलवाल्या घराला ती दहा मिनिटं परवडत नाहीत.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची वेगळी गंमत. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो. चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम १,००० लिटरला, म्हणजे दहा लाख लिटरच्या टाकीला अडीच किलो. गोणी उघडी, ओलसर खोलीत महिनोन्महिने पडली की टक्का २० वर येतो. तोच परिणाम मिळवायला मग चार किलोच्या वर लागते. मात्रा कोणी बदलत नाही. गोणीवर उघडल्याची तारीख लिहिणं आणि दर पंधरा दिवसांनी क्लोरीनचा टक्का जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून घेणं, याला वेगळा निधी लागत नाही. ओटीऐवजी डीपीडी गोळ्यांचा संच घ्यावा, कारण ओटीतलं रसायन हाताळणाऱ्यासाठी घातक आहे आणि मुक्त व संयुक्त क्लोरीन त्यात नीट वेगळे पडत नाहीत.

आठाचे चार कसे होतात

नवं पाणी न आणता पाळी आठ दिवसांवरून चारवर आणणं हे मराठवाड्याच्या शहरात ६.१ कडे जाणारं सगळ्यात स्वस्त पाऊल आहे, असं आमचं मत. तेच पाणी, दोन हप्त्यांत. ५०० लिटर भांड्यांचं घर १२.५ लिटरवरून थेट २५ वर जातं, कारण भांडी दोनदा भरतात. डासांचं चक्रही मध्येच तुटतं.

‘वेळ निम्मी करा, पाळ्या दुप्पट करा’ असा आदेश काढला की मात्र हे फसतं. १५० मिलिमीटरच्या एक किलोमीटर लाइनमध्ये १७,७०० लिटर पाणी नुसतं भरायला लागतं. दोन तासांचा एक तास केला की पहिली वीस मिनिटं लाइन भरण्यात जातात, पुढची जवळच्या घरांचे हौद ओढून घेतात आणि टोकाला थेंब पोचत नाही. टोकाच्या बायका दुसऱ्याच दिवशी मोर्चा आणतात आणि योजना गुंडाळली जाते.

वेळ न तोडता झोन तोडायचा. ६०० घरांच्या झोनमध्ये योग्य जागी एक स्लुइस व्हॉल्व्ह बसवून ३००-३०० चे दोन भाग करायचे आणि एका वेळी एकाच भागाला पूर्ण दाबानं सोडायचं. चढावरचा भाग आधी, टाकी भरलेली असताना, उतारावरचा नंतर. व्हॉल्व्हच्या चेंबरला झाकण हवंच, नाहीतर आठवड्याभरात ते नालीच्या पाण्यानं भरतं आणि व्हॉल्व्ह फिरवायला माणूस उतरत नाही. वॉलमनच्या फेऱ्या जवळपास दुप्पट होतात. ही माणसं आधी मोजून घ्यावी लागतात. बहुतेक कंत्राटी असतात आणि दोन महिने पगार थकला की वहीसकट पाळी कोसळते.

वेळापत्रकात एक जागा रिकामी ठेवायची. चार दिवसांत आठ पाळ्या बसत असतील तर सातच लिहायच्या. वीज चार तास गेली, मुख्य लाइन फुटली, की मागं पडलेली पाळी त्या रिकाम्या जागेत बसते. ती जागा नसेल तर एका झोनची पाळी चुकते आणि पुढच्या सगळ्या घसरतात. महिन्याभरात चारचे सहा, सहाचे आठ होतात आणि कोणी ठरवून काही बदललेलंही नसतं.

पैसा आणि कागद

याबद्दल थोडक्यात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात दहा लाखांखालच्या शहरांसाठी ३० टक्के पिण्याचं पाणी, पर्जन्यजल आणि पुनर्वापर यांसाठी बांधलेले होते, ३० टक्के स्वच्छता व घनकचऱ्यासाठी, बाकी ४० टक्के मोकळे. झोनचे व्हॉल्व्ह, प्रवाहमापक, डीपीडी संच असा खर्च बांधलेल्या हिश्श्यात बसत होता. मोठ्या पाइपलाइनसाठी केंद्राची अमृत २.० ही योजना २०२१ मध्ये सुरू झाली. वॉलमनचा पगार मात्र पाणीपट्टीतूनच यायला हवा. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानातही ‘जल’ हा एक घटक आहे.

भोपाळनं २०२३ मध्ये या उद्दिष्टांच्या प्रगतीचा देशातला पहिला शहरपातळीवरचा स्वेच्छा आढावा काढला. तसा आढावा लातूरच्या आकाराच्या शहरालाही करता येईल. त्यात एक सवय टाळावी: झालेल्या कामांवर मागाहून उद्दिष्टाचे रंगीत शिक्के मारण्याची. बागेच्या कुंपणाला पंधरावं, रस्त्याला अकरावं. ६.१ साठी चार आकडे पुरेत आणि चारही वॉलमनच्या वहीतून आणि घरांतल्या मोजणीतून निघावेत: दोन पाळ्यांमधले दिवस, टोकाला ०.२ क्लोरीन मिळालेल्या नमुन्यांची टक्केवारी, झोननिहाय तूट (सोडलेलं आणि घरांत पोचलेलं यातला फरक) आणि सगळ्यात कमी भांडी असलेल्या वस्तीत माणशी लिटर. शहराची सरासरी त्यात नको.

परत धरणाकडे

धरणातल्या पाण्याचं वर्षाचं नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतं. पिण्याचं आरक्षण पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं असतं. एक पावसाळा गेला तर ते पुरतं. २०१४ नंतर २०१५ ही गेला, आणि एका वर्षाचा हिशेब तिथेच तुटला. म्हणून मांजरासारख्या धरणावर ६.४ चं, म्हणजे पाण्याच्या टंचाईचं, स्थानिक रूप एकच असू शकतं: १५ ऑक्टोबरला एका नव्हे, लागोपाठ दोन कोरड्या वर्षांचं पिण्याचं पाणी बाजूला काढणं. जलसंपदा विभागाचा आणि शेतकऱ्यांचा आक्षेप खरा आहे की दोन उन्हाळे धरणात पडून राहिलेल्या पाण्याचा मोठा वाटा हवेत जातो. तो वाटा मोजून आरक्षणात वेगळा दाखवावा आणि बागायतीचं पाणी त्या हिशेबानं कमी-जास्त करावं. त्यावर भांडण आकड्यांचं होईल, तेही चालेल.

मृतसाठा हाताशी आहे असं धरून चालायचं नाही. त्यात गाळ आहे, आणि तो उचलायला तराफ्यावरचे पंप, चर आणि वेगळी वीजजोडणी लागते. ही जुळवाजुळव जानेवारीत केली तर एप्रिलला पाणी मिळतं, मार्चमध्ये सुरू केली तर मिळत नाही.

आणि पाळी कधी लांबवायची हे पाणी संपत आल्यावर ठरवू नये. साठा अमुक पातळीला आला की चारचे पाच दिवस, तमुकला आला की सात, त्याआधी बांधकामांची आणि धुलाई केंद्रांची जोडणी बंद, असा तक्ता ऑक्टोबरमध्येच महापालिकेनं मंजूर करून प्रत्येक जलकुंभाच्या भिंतीवर रंगवावा. मग वॉलमनला ‘दादा, आमच्याच गल्लीला कमी का?’ असं विचारलं, तर त्याला भिंतीकडे बोट दाखवता येतं.